अडलेली वाट आणि मुलांची मूत्रपिंडे

मंडळी, पाण्याची चाल शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. पाटाच्या खालच्या अंगाला एखादा दगड अडकला, पालापाचोळा साचला, की पाणी काय करते? दगडापाशी ते फारसे नुकसान करीत नाही. ते मागे तुंबते, हळूहळू चढते आणि वरच्या वाफ्यात साचून राहते. चार दिवसांनी वरचे पीक पिवळे पडू लागते. नवखा माणूस पिकाला रोग पडला म्हणून औषध शोधत बसतो. दारे धरणारा जाणता माणूस मात्र कुदळ खांद्यावर टाकून आधी खालच्या अंगाला जातो.

लहान मुलांच्या शरीरात नेमके असेच घडते. लघवीची वाट खाली कुठेतरी अडते आणि नासाडी होते ती वर, मूत्रपिंडांत. साधी वाटणारी ही गोष्ट उमगायला माणसाला जवळजवळ दोन हजार वर्षे लागली. तो इतिहास आज तुम्हाला सांगायचा आहे. तो नुसता मौजेखातर ऐकायचा इतिहास नव्हे. तो ठाऊक असला तर तुमच्या वस्तीतल्या, तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाचे आयुष्य वाचू शकते.

आधी वाटेचा नकाशा पाहू. कमरेच्या थोडे वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना एकेक मूत्रपिंड असते. आकार घेवड्याच्या दाण्यासारखा. प्रत्येकात सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. रक्त त्यांतून गाळले जाते आणि नको असलेला भाग लघवी होऊन खाली येतो. दोन मूत्रपिंडांपासून दोन बारीक नळ्या निघतात, त्या मूत्रवाहिन्या. त्या ओटीपोटातल्या मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत, येऊन मिळतात. पिशवीतून बाहेर जाणारी वाट एकच, तो मूत्रमार्ग. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या १० लाख गाळण्या मूल आईच्या पोटात असतानाच तयार होतात. जन्मानंतर नवी एकही गाळणी तयार होत नाही. मूल जेवढी शिदोरी घेऊन येते तेवढ्यावरच त्याला उभा जन्म काढायचा असतो.

आता आपल्याच घरापासून सुरुवात करू. सुश्रुतसंहिता हा आपला शस्त्रवैद्यकाचा प्राचीन ग्रंथ. त्यात अश्मरीचे, म्हणजे मुतखड्याचे, सविस्तर वर्णन आहे. खडा मुलांमध्ये फार आढळतो, आणि मुलांची पिशवी लहान असल्यामुळे तो पकडून काढणेही सोपे जाते, असे निरीक्षण सुश्रुताने नोंदवले आहे. शस्त्राने खडा कसा काढावा याचा विधीही दिला आहे. आणि केवढी सावधगिरी! शस्त्र चालवले नाही तर मृत्यू निश्चित, चालवले तर जगण्याबद्दल संशय. म्हणून आधी राजाची परवानगी घ्यावी आणि मगच हात घालावा, असे तो सांगतो. वाट अडल्याने मूल मरते, हे त्या काळच्या वैद्याला पुरते ठाऊक होते.

पण पिशवी भरते कशी, याबद्दल सुश्रुताने दिलेला दृष्टान्त पाहण्याजोगा आहे. कोरा मातीचा घडा गळ्यापर्यंत पाण्यात बुडवून ठेवला तर पाणी चहूबाजूंनी झिरपून तो भरतो. तशीच बारीक बारीक वाटांनी मूत्राची पिशवी भरते, असे त्याने म्हटले आहे. दृष्टान्त सुरेख आहे. पण पिशवी झिरपून भरत असेल, तर खालची अडवणूक वर मूत्रपिंडापर्यंत पोचायला सलग वाटच राहत नाही. त्यामुळे त्या काळी लक्ष राहिले ते पिशवीवर आणि खड्यावर.

ही समजूत फक्त आपल्याकडेच होती असे नाही. ग्रीक-रोमन जगातही आस्क्लेपियाडीझ नावाच्या वैद्याचा पंथ असेच काहीसे मानी. प्यालेले पाणी वाफ होऊन पिशवीत झिरपते, असे त्यांचे म्हणणे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन या वैद्याने हा वाद प्रयोगाने निकालात काढला. त्याने जिवंत जनावराच्या दोन्ही मूत्रवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. थोड्या वेळाने पाहिले तर पिशवी रिकामी, आणि दोऱ्याच्या वर मूत्रवाहिन्या फुगून तटतटलेल्या! दोरा सोडताच लघवी पिशवीत उतरली. म्हणजे लघवी झिरपून येत नाही, ती मूत्रपिंडांतून नळीवाटेच येते.

गेलन एवढ्यावर थांबला नाही. त्याने जनावराचा मूत्रमार्ग खाली बांधला आणि भरलेली पिशवी हाताने चहूकडून दाबून पाहिली. तरी लघवी उलटी वर चढली नाही. निरोगी शरीरात मूत्रवाहिन्या पिशवीत शिरतात त्या ठिकाणी निसर्गाने असे दार बसवलेले आहे की पाणी खाली येईल, वर जाणार नाही. हे दार लक्षात ठेवा. पुढे त्याच्याशी आपले काम आहे.

दोऱ्यावरची ती फुगलेली नळी हा आपल्या विषयाचा पहिला पुरावा. पण त्यातून पुढचा प्रश्न, म्हणजे नळी फुगल्यावर वरच्या मूत्रपिंडाचे काय होते हा, शतकानुशतके कोणी नीट धसाला लावला नाही. कारण उघड आहे. जिवंत मुलाचे मूत्रपिंड पाहणार कसे? पोटाच्या आत, पाठीशी दडलेला तो अवयव. तो पाहायला मिळे तो मृत्यूनंतरच.

अठराव्या शतकात इटलीतल्या पादुआ विद्यापीठात मोर्गान्यी हा शरीरशास्त्राचा नामांकित अध्यापक होता. रोगाचे मूळ कोणत्या अवयवात आहे ते मृत शरीर उघडून पाहावे, ही शिस्त वैद्यकाला लावली ती त्याने. मुलग्याच्या मूत्रमार्गात, पिशवीच्या जरा खाली, जन्मतःच असणाऱ्या पातळ पडद्याचे पहिले वर्णन १७१७ साली त्यानेच केले, असे मूत्रविकारांच्या इतिहासात नोंदलेले आहे. पुढे १८०२ साली लांगेनबेक या जर्मन शस्त्रवैद्यानेही असाच पडदा वर्णन केला. पण दोन्ही वेळी ही नोंद शवविच्छेदनाच्या टेबलावरची कुतूहलाची गोष्ट म्हणून राहिली.

हा पडदा आहे तरी काय? कांद्याच्या पापुद्र्यासारखी एक पातळ घडी. ती फक्त मुलग्यांत असते. साधारण पाच ते आठ हजार मुलग्यांमागे एकात. आकाराने क्षुल्लक, पण तिची खोड लबाड. लोहाराच्या भात्याची झडप तुम्ही पाहिली असेल. हवा आत येताना ती उघडते, परत जाऊ लागली की मिटते. हा पडदाही तसाच. लघवी खाली येऊ लागली की तो शिडासारखा फुगतो आणि वाट अडवतो. उलट वैद्याने खालून सळई किंवा रबराची नळी घातली तर ती बिनबोभाट आत जाते. पूर्वीचा वैद्य नळी घालून पाही, ती सहज जाई, आणि तो म्हणे, "वाट तर मोकळी आहे!" मूल मात्र दिवसेंदिवस खंगत जाई. या एका खोडीमुळे पडदा दृष्टीआड राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र पालटू लागले. १८७७ साली जर्मनीत माक्स नित्से याने पिशवीच्या आत डोकावता येईल अशी उजेडाची दुर्बीण करून दाखवली. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्पटन यंग या शस्त्रवैद्याने या दुर्बिणीचा उपयोग करून जिवंत मुलांमधले पडदे पाहिले. १९१९ साली त्याने आपल्या सहकाऱ्यांसह या विकाराची सविस्तर माहिती प्रसिद्ध केली आणि पडद्यांचे तीन प्रकार ठरवले. आजही डॉक्टर ती वाटणी सांगतात. यंगच्या लेखाने दोन टोके एकत्र जोडली : खाली पापुद्र्याएवढा पडदा, आणि वर जाडजूड झालेली पिशवी, आतड्यासारख्या फुगून वेड्यावाकड्या झालेल्या मूत्रवाहिन्या, नुसती पोकळ थैली होऊन बसलेली मूत्रपिंडे. गेलनने पाहिलेले ते दारही अशा पुष्कळ मुलांत टिकत नाही. पिशवीतला दाब इतका वाढतो की लघवी उलटी वर चढते.

तरी दुर्बिणीतून पिशवी दिसे, मूत्रपिंड नाही. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला, पण त्यांत हाडे दिसत, मऊ मूत्रपिंड फारसे दिसत नसे. त्यावर तोड निघाली ती मोठ्या गमतीच्या वाटेने. जर्मनीत बिंझ आणि रेट या रसायनशास्त्रज्ञांनी जंतुरोगांवर काही औषधे बनवली होती. गाईंच्या रोगांवरही ती वापरीत. त्यांत आयोडीन असे, आणि ते लघवीवाटे बाहेर पडे. मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टराने जर्मनीत यावर काम केले आणि १९२९ साली असे औषध शिरेतून टोचून मूत्रपिंड, नळ्या, पिशवी ही सगळी वाट क्ष-किरणांच्या चित्रात उमटवून दाखवली. जिवंत मुलाचे फुगलेले मूत्रपिंड आता चिरफाड न करता दिसू लागले.

मुतखड्याचा धागाही येथे जोडून घेऊ, कारण आपल्या देशात मुलांची वाट अडवणारा तो जुना वैरी. पिशवीतला खडा एके काळी युरोपातल्या गरिबांच्या मुलांतही फार असे. खाणेपिणे सुधारले तसा तो तेथून नाहीसा होत गेला. आपल्याकडे निलगिरीतल्या कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९२० नंतरच्या वर्षांत उंदरांना वेगवेगळा आहार देऊन पाहिले. नुसत्या धान्याच्या निकस आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या पिशवीत खडे झाले. दुधाची जोड दिली की ते टळले. मुलाच्या ताटात भाकरीबरोबर दूध, डाळ, भाजी असावी, या सांगण्याला एवढा जुना आधार आहे.

आता मुख्य प्रश्न. पाणी तुंबले तर मूत्रपिंड का मरते? गाळणीतून रक्त गाळले जाते ते दाबाने. खालून उलटा दाब आला की गाळण्याचे काम मंदावते. मग मूत्रपिंड आपला रक्तपुरवठा आखडता घेते. आत सूज येते, आणि सुजेच्या जागी हळूहळू चिवट, निरुपयोगी व्रणतंतू वाढतात. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, जसे साचलेल्या डबक्यात डास. प्रत्येक तापागणिक आणखी काही गाळण्या जातात. आणि हे सारे बहुधा विनातक्रार चालते. मूत्रपिंड दातासारखे ठणकत नाही.

यात वेळेला किती किंमत आहे, हे १९७१ साली व्हॉन आणि गिलनवॉटर या अमेरिकन डॉक्टरांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगात मोजले. एका बाजूची मूत्रवाहिनी पूर्ण बंद केली आणि ठरावीक दिवसांनी सोडली. एका आठवड्यात सोडली तर मूत्रपिंड पूर्ववत काम करू लागले. दोन आठवड्यांनी काही हिस्सा कायमचा गेला. चार आठवड्यांनी थोडेच उरले, आणि सहा आठवड्यांनी जवळजवळ काहीच परतले नाही. मुलांतली अडवणूक बहुधा अर्धवट असते म्हणून मुदत लांबते, इतकेच. पण हिशेब तोच : गेलेली गाळणी परत येत नाही.

येथे एक मोठी फसगत होते, ती प्रत्येक आईने समजून घ्यावी. "लघवी अडते म्हणता, पण आमचा पोरगा तर दहादा जातो, भरपूर करतो!" असे घरचे म्हणतात. खरी गोष्ट अशी की, दुखावलेल्या मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची ताकद आधी जाते. मग लघवी पाण्यासारखी पातळ आणि जास्तच होते. मूल सारखे पाणी मागते, सारखे जाते. तर कधी भरलेल्या रांजणावरून पाणी सांडावे तशी तुडुंब पिशवीतून लघवी थेंब थेंब गळत राहते. म्हणजे लघवी होते आहे, एवढ्यावरून वाट मोकळी आहे असे समजू नये. कित्येकदा घरचे ताप उतरवण्याचे औषध देतात, उन्हाळी लागली म्हणून धन्या-जिऱ्याचे पाणी देतात, उंची वाढत नाही म्हणून टॉनिक आणतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली ही गत!

उपचाराचा इतिहासही थोडक्यात सांगतो. हॅरल्ड हॉपकिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५९च्या सुमारास दुर्बिणीसाठी काचेच्या कांड्यांची नवी रचना शोधून काढली. तिच्यामुळे पुढे तान्ह्या मुलाच्या बारीक मूत्रमार्गातूनही जाईल अशी दुर्बीण तयार झाली. आज तो पडदा पोट न फाडता आतूनच छेदता येतो. मात्र पडदा गेला म्हणजे सारे संपले असे नव्हे. वर्षानुवर्षे जोर लावून जाड झालेली पिशवी पुढेही नीट रिकामी होत नाही. १९७२ साली अमेरिकेतील जॅक लॅपिडीझ या डॉक्टराने स्वच्छ नळी दिवसातून ठरावीक वेळा घालून पिशवी रिकामी करण्याची साधी रीत प्रचारात आणली. घरी, शाळेत, मुलाला स्वतःच्या हाताने करता येते. या साध्या रीतीने पुष्कळांची मूत्रपिंडे राखली.

मग एक विचार पुढे आला : ही नासाडी पोटात असतानाच सुरू होते, तर तेथेच का थांबवू नये? ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली ध्वनिलहरींनी पोटातले बाळ पाहण्याची रीत प्रसिद्ध केली होती. आपण तिला सोनोग्राफी म्हणतो. तिच्यात बाळाची फुगलेली मूत्रपिंडे दिसू लागली. १९८१ साली सॅन फ्रान्सिस्को येथे मायकेल हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाशय उघडून बाळाच्या तुंबलेल्या लघवीला वाट करून दिली आणि बाळ पुन्हा आत ठेवले. शस्त्रक्रिया पार पडली, पण जन्मल्यावर ते बाळ जगले नाही. उशीर झालेला होता. पोटातले बाळ ज्या पाण्यात वाढते ते गरोदरपणाच्या उत्तरार्धात मुख्यतः बाळाच्या लघवीचेच असते. ते कमी पडले की फुप्फुसेही वाढत नाहीत. पुढे गर्भाच्या पिशवीत नळी बसवण्याचे उपाय झाले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका पाहणीत असे दिसले की, अशा नळीने काही बाळे जगण्याची आशा वाढत असावी, पण मूत्रपिंडे निरोगी राहण्याची शक्यता थोडीच. म्हणजे विज्ञान एवढे पुढे गेले तरी गेलेले परत आणता येत नाही. राहिलेले राखणे हेच आपल्या हाती.

आणि ते राखणे सुरू होते ते घरात आणि शाळेत. आईबापांनी, आज्यांनी एवढे पाहावे : जन्मलेल्या मुलाने पहिल्या २४ तासांत लघवी केली का? मुलग्याची धार जोरात आणि लांब पडते, की पायाशी ठिबकते? लघवी करताना तो कुंथतो, रडतो का? बेंबीखाली गोळा हाताला लागतो का? सर्दी-खोकला नसताना वरचेवर थंडी वाजून ताप येतो का? यांतले काही दिसले तर "मोठा झाला की सुटेल" म्हणून थांबू नका. लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि रक्ताची साधी परीक्षा यांवरून पुष्कळ कळते. मुलींत हा पडदा नसतो, पण मूत्रवाहिनीच्या वरच्या किंवा खालच्या तोंडाशी अडवणूक मुलींतही होते. तेव्हा त्यांच्या तापाकडेही काणाडोळा नको. गरोदर बाईची सोनोग्राफी वेळेवर करावी. मुलगा की मुलगी हे सांगणे १९९४च्या कायद्याने बंद आहे. पण बाळाची मूत्रपिंडे फुगलेली आहेत का, हे विचारायला कसलीच आडकाठी नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्याकडे तर यातले मोठे काम आहे. वर्गात एखादा मुलगा सारखा करंगळी वर करतो, "गुरुजी, एकीला जाऊ?" म्हणतो, आणि आपण त्याला दामटून खाली बसवतो. एखाद्याची चड्डी भर दुपारी ओली होते आणि सारा वर्ग हसतो. रात्री अंथरूण ओले करणारी बहुतेक मुले निरोगी असतात, हे खरे. उगाच घाबरून जाऊ नये. पण पाच वर्षांपुढचे मूल दिवसाही ओले होत असेल, चेहरा फिकट, उंची खुंटलेली, पाणी पिणे अतोनात, तर ती खोड नव्हे. त्याला शिक्षा करू नका. पालकांना बोलावून एकांतात सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरातूनच सुरू झाला. त्याचे वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासायला येते. त्या दिवशी अशा मुलाला मागच्या रांगेत राहू देऊ नका. त्याला पुढे आणा आणि डॉक्टरांना नेमके काय पाहिले ते सांगा. मात्र पथकाची तारीख लांब असेल तर तिची वाट पाहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

सुश्रुताला खडा दिसला, गेलनला फुगलेली नळी दिसली, यंगला पडदा दिसला, स्विकला मूत्रपिंड दिसले. प्रत्येकाने आपल्याला दिसले ते नीट पाहिले, म्हणून आज उपाय हाती आहे. तुम्हाला दुर्बीण नको, क्ष-किरण नकोत. मुलाची धार कशी पडते एवढे पाहायला दोन डोळे पुरे आहेत. आणि ते ज्या दिवशी खटकेल, त्याच दिवशी डॉक्टरकडे निघायचे आहे.